एका दिवसाची मावशी

शुक्रवार पेठ, कोल्हापूर
९ नोव्हेंबर २०२४

चि. तेजू,

पाकीट शाळेच्या पत्त्यावर आलं म्हणून दचकू नकोस. पेठ वडगावच्या घरी पाठवलं असतं तर आधी तुझ्या सासूबाईंच्या हातात पडलं असतं, आणि मग कुणाचं, कशाला, या चौकशीत तुला खोटं बोलावं लागलं असतं. फोन तर तू उचलत नाहीसच. शाळेत टपाल रोज येतं. कुणी विचारलंच तर सांग, एका जुन्या पालकाचं आहे. बघ, अजून तुला निमित्तं मीच पुरवतेय.

मी कोल्हापुरात असते हे तुझ्या कानावर आलं असेल. तानाबाई म्हणून एक बाई आहेत, त्यांच्या माडीवरची खोली घेतलीय. सकाळ-संध्याकाळ एका खानावळीत भाकरी थापते. मालक म्हणतो, "मावशी, तुमच्या हातच्या भाकरीपायी गिऱ्हाईक परत परत येतंय." इथंसुद्धा मावशीच! नशीबच तसं घेऊन आलेय.

मुद्द्यावर येते. तुझ्या आबांवर मी पोटगीचा दावा लावलाय, हे राजवीरनं तुला सांगितलं असणार, आणि त्याच्या पद्धतीनं सांगितलं असणार. भाऊ आहे तुझा, तू त्याचं ऐकलंस यात नवल नाही. आता माझंही ऐक.

पुण्याची नोकरी सोडून तो गावी आला तेव्हा मीच त्याच्यासाठी वरची खोली सारवून-झाडून दिली. नंतर एक दिवस म्हणाला, फरशी बदलायचीय, धुरळा फार होणार, तुम्ही चार दिवस हुपरीला बहिणीकडं जाऊन या. गेले. परत आले तर दार आतनं लावलेलं आणि माझी पेटी शेजारच्या कट्ट्यावर. आत टीव्हीवर कुस्त्या लागल्या होत्या. कुस्ती बघताना तुझे आबा मधूनमधून मोठ्यानं खाकरतात ना, तसे खाकरले. मी दोनदा हाक मारली. ते बाहेर आले नाहीत. झालं ते एवढंच. भांडण नाही, शिवी नाही, कुणी हात उचलला नाही. लोकांना सांगायला गेलं तर सांगण्यासारखं काही नाहीच.

फरशी तीच आहे म्हणे अजून.

वल्लरीताई नावाच्या वकील मिळाल्यात, वयानं तुझ्यापेक्षा थोड्याच मोठ्या. त्यांनी समजावून सांगितलं. पोटगीचं नेहमीचं कलम लग्नाच्या बायकोसाठी आहे, त्यात मी बसत नाही. दुसरा एक कायदा आहे, घरातल्या छळाविरुद्धचा. त्यात लग्न न करता लग्नासारखं राहिलेल्या बाईलाही पोटगी मागता येते. पण लोकांत नवराबायको म्हणूनच वावरलो, हे शाबीत करायचं बाईनं. तुझ्या आबांनी उत्तरात लिहून दिलंय की ही बाई आमच्याकडं घरकामाला होती. ताईंनी ते वाचून दाखवलं तेव्हा मला आधी हसूच आलं. घरकामाला तर होतेच की. कुठली बायको नसते? मग घरी आले, पातेलं चुलीवर ठेवलं आणि त्यात पाणी घालायचं विसरले.

फेब्रुवारीत साक्षी आहेत. गावातलं कुणी येणार नाही. सगळ्यांचा ऊस एकाच टोळीला तोडायचा असतो आणि टोळीवाला आता राजवीरच्या शब्दात आहे. उरलीस तू. तुझी आई गेली तेव्हा तू बालवाडीत होतीस, आणि पहिलीला तुझं नाव घालायला मी गेले होते. तेव्हापासून मी तुझी कोण होते, एवढंच येऊन सांग. जास्त बोलावं लागणार नाही.

वाट बघतेय.

शालन

*

कोल्हापूर
३ डिसेंबर २०२४

चि. तेजूस आशीर्वाद.

उत्तर आलं नाही. तुझ्या शाळेतल्या शिपायाला दोष द्यावा असं मनात आलं, पण तो बिचारा काय करणार.

परवा वल्लरीताई माझ्यावर चिडल्या. म्हणाल्या, "शालनताई, इतकी वर्षं एका घरात राहिलात, एकदा रजिस्टर लग्न करायला काय झालं होतं?" कोल्हापुरात वाढलेल्या मुलीला हे समजावून सांगणं अवघड. तुझी आजी मला म्हणाली होती, "आमच्यात पाट लावत न्हाईत. घरात ऱ्हा, खा, पी, पर विधवेवर अक्षता पडायच्या न्हाईत ह्या दारात." आजी गेली, तर आबा म्हणाले, "लगीच केलं तर लोकं म्हणतील, म्हातारी जायची वाटच बघत हुतीत." पुढं तुम्ही दोघं मोठी झालात, तर म्हणाले, "आता पोरांच्या म्होरं हार घालून हुभं ऱ्हायचं व्हय? लाज वाटत्या की." दर वेळी मला ते पटलं. पटलं म्हणजे, मी पटवून घेतलं.

पण पहिल्याच वर्षी ते मला जोतिबाला घेऊन गेले होते. माझ्या कपाळाला गुलाल लावला आणि म्हणाले, झालं आपलं. हुपरीहून चांदीची जोडवी घडवून आणली होती, ती खाली बसून स्वतःच्या हातानं माझ्या पायात घातली. एवढा गावचा पाटील माणूस बाईच्या पायाशी बसला, याहून मोठं लग्न काय असतं, असं मला वाटलं. वल्लरीताईंनी विचारलं, "तेव्हा तिथं कोण होतं?" म्हटलं, जोतिबा होता. त्या म्हणाल्या, "त्याला समन्स काढता येत नाही."

आता तुला ठाऊक नसलेलं सांगते. वडगावचे पावणे तुला बघायला येणार होते त्याच्या आदल्या दिवशी तू पार्लरला गेली होतीस. तुझी चुलती स्वयंपाकघरात येऊन बसली. म्हणाली, "पावण्यांस्नी काय सांगायचं? लगीन न करता ठेवल्याली बाई घरात हाय म्हटल्यावर कोण करंल पोरगी?" 'ठेवल्याली' हा शब्द तिनं माझ्या हातचा चहा पीत उच्चारला. आबा शेजारी नखं कापत बसले होते. मी त्यांच्याकडं बघत राहिले. त्यांनी दहाही बोटांची नखं कापली, पण मान वर केली नाही. शेवटी मीच म्हटलं, "त्यात काय एवढं? मावशी म्हणून ऱ्हाते की मी. एका दिवसाचा तर प्रश्न हाय."

माझ्यावर कुणी जबरदस्ती केली नाही, हे मी कोर्टातही सांगणार आहे. स्थळ चांगलं होतं. सम्राटराव शिकलेले, निर्व्यसनी, तुला नोकरी करू देणारे. तुझं सोनं होणार होतं, मग मी एक दिवस मावशी झाले तर माझं काय झिजणार होतं? सकाळी जोडवी काढून डब्यात टाकली, कपाळ पुसलं, आणि पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आले. तुझ्या सासूबाईंनी विचारलं, तुमी कोण? मी माझ्या तोंडानं सांगितलं, "पोरीची मावशी. लांबची. विधवा हाय. हितंच असते कामाला." 'कामाला' हे ठरलेलं नव्हतं. बोलण्याच्या भरात गेलं. खरं वाटावं म्हणून जरा जास्तच रंगवलं मी. आता आबांच्या वकिलानं तोच शब्द उचललाय.

लग्नात आईच्या जागी चुलती बसली. मी आचाऱ्याला मसाला काढून देत होते. त्याचंही मला वाईट वाटलं नाही बघ, तू सुखरूप सासरी जात होतीस.

वाईट नंतरचं वाटतं. पावणे गेल्यावर मी जोडवी परत घातली, कुंकू लावलं, आणि तू मात्र म्हणालीस, "राहू दे, लग्न होईपर्यंत मावशीच म्हणते, उगाच त्यांच्यासमोर तोंडातनं निसटायला नको." मग लग्न झालं. मग दिवाळीला आलीस तेव्हाही मावशी. सातव्या वर्षी गोवर आला होता तेव्हापासून जे म्हणत होतीस, ते पुन्हा कधी म्हणालीच नाहीस. मी एका दिवसाची मावशी व्हायला तयार झाले होते, तेजू. तू मला कायमची करून टाकलीस.

तू साक्षीला आलीस तर सासरी कळेल की तुझ्या माहेरानं त्यांना फसवलं. हे मला कळत नाही असं समजू नकोस. कळतं, आणि तरीही ये म्हणतेय. दुसरं कुणी असतं तर तुला म्हटलं नसतं.

शालन

*

१४ जानेवारी २०२५
संक्रांत

तेजू,

तिळगूळ पाठवत नाही. गोड बोल म्हणायचं आज माझ्या जिवावर आलंय.

वल्लरीताईंनी समोरच्या पक्षाच्या साक्षीदारांची नावं सांगितली. राजवीर, तुझी चुलती, आणि तू. मी म्हटलं, चुकून आलं असेल. त्या म्हणाल्या, चुकून येत नाही.

म्हणजे तू कोर्टात येणार आहेस. माझ्या बाजूनं नव्हे, एवढंच. दोन महिने मी शाळेच्या पत्त्यावर पत्रं टाकतेय आणि तू ती वाचून तिकडं जाऊन हो म्हणून आलीस? की वाचलीच नाहीस? न वाचता हो म्हणाली असशील तर बरं, असं आता वाटायला लागलंय. माझी मजल कुठवर आलीय बघ.

राजवीरनं काय सांगितलं असेल ते मी इथं बसून सांगू शकते. तिला पोटगी मिळाली की उद्या घरात वाटा मागंल, सासरी बोभाटा होईल, तुझं नाव पेपरात येईल. वाटा मला नकोय. मला म्हातारपणी दोन घास आणि औषधपाणी हवंय, आणि मी तिथं मोलकरीण नव्हते एवढं कुणीतरी मोठ्यानं म्हणायला हवंय. त्यातलं दुसरं जास्त हवंय. हे वल्लरीताईंना सांगितलं नाही, त्या म्हणतील दावा पहिल्याचा आहे.

सकाळी इतकं लिहून पत्र तसंच ठेवलं होतं. आता हुपरीहून बहिणीचा फोन आला. तुला दिवस गेलेत म्हणे. तिला कुणाकडनं कळलं, मला तिच्याकडनं. असू दे. वरचं सगळं खोडणार नाही, ते खरंच आहे. पण पपई खाऊ नकोस, आणि शाळेत तास तास उभी राहून शिकवू नकोस, खुर्ची घे.

शालन

*

कोल्हापूर
१९ फेब्रुवारी २०२५

तेजू,

काल तू आलीस.

वडगावच्या बसनं यायला तुला उशीर होणार असं वाटत होतं, पण तू माझ्याआधी पोचली होतीस. आकाशी साडी. चेहरा उतरलाय, पायावर सूज नाही, ते आधी बघून घेतलं. तुझ्याबरोबर धोंडुबाई, तुझ्या सासूबाई. त्या कशाला आल्यात ते मला कळेना. नंतर कळलं, गरोदर सुनेला कोर्टकचेरीत एकटीला पाठवायचं नाही म्हणून. मी लांब भिंतीशी उभी राहिले. तुझी अडचण नको.

आत बोलवायच्या आधी काय झालं ते तुला कुणी सांगणार नाही, म्हणून मी सांगते. राजवीर पाणी आणायला खाली गेला होता. तुझे आबा काठी टेकत माझ्याजवळ आले. किती वाळलेत गं. इकडंतिकडं बघून हळूच म्हणाले, "शालन, सकाळची गोळी पांढरी का गुलाबी?"

म्हटलं, "पांढरी उपाशीपोटी. गुलाबी जेवल्यावर."

"मी उलटंच खातोय की मग."

"म्हणून तर पाय सुजल्यात."

"व्हय," म्हणाले, आणि पायांकडं बघत उभे राहिले. राजवीर जिन्यात दिसला तसे परत आपल्या बाकावर जाऊन बसले. वल्लरीताईंनी ते सगळं बघितलं. म्हणाल्या, "हे आत बोलतील का?" मी म्हटलं, ते बोलणारे असते तर आपण इथं कशाला आलो असतो.

मग तुझी साक्ष. तू शपथ घेतलीस आणि त्यांच्या वकिलानं विचारल्यावर म्हणालीस, "त्या माझ्या लांबच्या मावशी लागतात. आईनंतर घरकामाला म्हणून होत्या." वर्गात धडा वाचून दाखवतात तसं म्हणालीस. माझ्याकडं बघितलं नाहीस.

वल्लरीताई उलटतपासाला उठल्या. शाळेत कोण सोडायचं? मावशी. आजारी पडलीस तर जवळ कोण असायचं? मावशी. आबांच्या खोलीत कोण झोपायचं? तू गप्प. मग त्यांच्या हातात मी महिन्याभरापूर्वी सांगितलेलं एक टिपण होतं, तुझ्या आठवीतलं. तू शाळेतनं रडत आली होतीस, मी तुला मोरीत नेलं, अंगावरनं पाणी घातलं, सगळं समजावलं आणि रात्रभर पोट शेकत बसले. त्या विचारणार होत्या की असल्या वेळी मुलगी घरकामाच्या बाईला सांगते का. समोर तुझे आबा, भाऊ, तो वकील, चार अनोळखी पुरुष बसलेले. मी उठून ताईंचा काळा कोट मागनं ओढला. म्हटलं, ते नका विचारू. त्या म्हणाल्या, "शालनताई, तोच प्रश्न आहे आपल्याकडं." मी म्हटलं, असू दे.

तेव्हा तू पहिल्यांदा माझ्याकडं बघितलंस. काय विचारायचं राहिलं हे तुला कळलं असावं असं मला वाटतं. मॅजिस्ट्रेट बाईंनी विचारलं, आणखी काही सांगायचंय? तू म्हणालीस, नाही.

आणि मग मागच्या बाकावरनं तुझ्या सासूबाईंचा आवाज आला. "खोटं हाय बाईसाहेब! मावशी कुठली? आयेला मावशी म्हणाय लागल्या ही!" सगळं कोर्ट वळून बघायला लागलं. मॅजिस्ट्रेट बाई म्हणाल्या, गप्प बसा नाहीतर बाहेर जा. त्या म्हणाल्या, "जातो की!" आणि पदर खोचून चालत्या झाल्या. वल्लरीताई कागद तिथंच टाकून त्यांच्या मागं धावल्या.

तुझा चेहरा पांढराफटक पडला होता. मी पाण्याची बाटली घेऊन अर्ध्यापर्यंत आले, पण चुलतीनं तुला धरलं होतं. परत फिरले. ती बाटली संध्याकाळी खानावळीत विसरले कुठंतरी.

तुझ्यावर राग आहे का? आहे. खूप आहे. पण तू भ्यालीस हेही कळतं.

शालन

*

कोल्हापूर
३१ मार्च २०२५

तेजू,

काल पाडवा झाला. तानाबाईंनी गुढीला नमस्कार करायला खाली बोलवलं, श्रीखंड दिलं.

मागच्या आठवड्यात धोंडुबाईंची साक्ष झाली. त्या वेळी तू आली नव्हतीस, म्हणून जशीच्या तशी लिहिते. घरी त्या तुझ्याशी कशा वागतात मला माहीत नाही. साक्षीत तुझ्याबद्दल एक शब्द वाकडा बोलल्या नाहीत. "पोरगी भ्याली, भाऊ दमात घेतोय तिला," एवढंच म्हणाल्या.

वल्लरीताईंनी विचारलं, तुम्हाला केव्हा कळलं? त्या म्हणाल्या, "पोरगी बघाय गेलतो तवाच. ही पोह्याची बशी घिऊन आली. म्या तोंडाकडं न्हाई, पायाकडं बघितलं. बोटावर जोडव्याचा पांढरा वळ. विधवा हाय म्हणती, आणि जोडवी काल काढल्यागत? आमी काय आंधळं हाय व्हय? आणि पोरीला काय बी इचारलं की पोरगी आधी हिच्याकडं बघायची, मग बोलायची. चुलतीकडं एकदा बी बघितलं न्हाई."

आबांचा वकील म्हणाला, मग तेव्हा बोलला का नाहीत? "बोलून काय करू, लगीन मोडू? असली पोरगी ज्या बाईनं वाढवल्या, त्या बाईकडं बघून तर हो म्हटलं म्या." तो म्हणाला, म्हणजे तुम्हालाही माहीत होतं आणि तुम्ही गप्प बसलात. "व्हय. समदीच गप बसली. तुमच्या गावाला म्हाईत, आमच्या घराला म्हाईत, तुमच्या ष्टँडवरच्या हॉटेलवाल्याला म्हाईत. नवराबायकू म्हणूनच धरायचे समदे. फकस्त हिलाच वाटायचं, कुणाला म्हाईत न्हाई."

मॅजिस्ट्रेट बाईंनी ते लिहून घेतलं. मी बाकावर बसून होते. मला आनंद व्हायला हवा होता, ताईंनी माझा हात दाबला. पण मला आठवत होती ती तुझ्या सासरची हळदीकुंकवं, तुझं पहिलं मंगळागौरीचं जागरण, दिवाळसण. प्रत्येक वेळी मी जोडवी काढून स्वयंपाकघरात लपले. आणि बाहेर बसलेल्या सगळ्या बायांना ठाऊक होतं की आत कोण लपलंय. तूही लपवत होतीस, मीही लपवत होते, कुणापासून गं? एवढ्याशासाठी तू मला ते म्हणायचं सोडलंस.

एक गोष्ट केलीय ती सांगते. वल्लरीताईंची एक संघटना आहे. माझ्यासारख्या बायांची त्यांनी एका शाळेच्या हॉलमध्ये सभा घेतली. आमदारांना निवेदन द्यायचंय की कायदा बदला. जोडीनं एवढी वर्षं एका घरात काढली की जोडीदाराला पोटगीचा हक्क आहे, असं सरळ लिहून टाका. लोक त्यांना नवराबायको समजत होते का, हे शाबीत करायला लावू नका. ताई म्हणाल्या, कुणी बोलणार का? सगळ्या खाली बघायला लागल्या. पदराआड तोंड लपवायची सवय सगळ्यांनाच. मग मीच उठले.

म्हटलं, लोक काय समजतात यावर माझी भाकरी ठेवलीत, तर लोकांना मीच खोटं सांगितलं होतं, पोरीचं लग्न जमावं म्हणून. आता ते खोटं निस्तरायला मला त्याच पोरीला पिंजऱ्यात उभं करावं लागलं. कायद्यात सरळ लिहिलेलं असतं तर तिला कुणी बोलवलंच नसतं. ती तिच्या घरी असती, मी माझ्या, आणि आमच्यात एवढं तरी शिल्लक राहिलं असतं.

एवढं बोलून खाली बसले. निवेदनावर सही केली. एका बाईनं माझ्यानंतर सही केली आणि विचारलं, "आलती का मग पोरगी?" मी म्हटलं, आलती.

शालन

*

शुक्रवार पेठ
२५ मे २०२५

चि. तेजस्वीस अनेक उत्तम आशीर्वाद.

निकाल लागला. आमचं नातं लग्नासारखंच होतं असं मॅजिस्ट्रेट बाईंनी धरलं. पोटगी मंजूर झाली. आकडा राजवीर तुला सांगेल, आणि वाढवून सांगेल. ते वरच्या कोर्टात जाणार आहेत म्हणे. जाऊ देत. आबांना त्या दिवशी बाहेर उन्हात उभं केलेलं बघितलं आणि जिंकल्यासारखं काही वाटलं नाही. त्यांनी मला हात केला. मीही केला. अशी ही आमची कोर्टबाजी.

वल्लरीताईंनी पेढे आणले होते. मी त्यांना विचारलं, आबांची मी कोण हे ठरलं, आता पोरीची मी कोण हेही निकालात येतं का? त्यांनी पेढ्यांचा खोका मिटला. मग म्हणाल्या, त्यासाठी अर्ज नसतो, शालनताई. त्या निवेदनातला नवा कायदा झाला तरी त्यात ते येणार नाही. मला ते आधीच ठाऊक होतं. तरी विचारून बघितलं.

परवा तुझ्या सासूबाई इथं आल्या होत्या. एवढा जिना चढून आल्या, आल्या आल्या खोलीभर नजर फिरवली आणि म्हणाल्या, "पावणीण, पयलं बाळातपण म्हायेरी असतंय. सातवा सरत आलाय. तिच्या बाच्या घरात आता बाईमाणूस न्हाई, चुलतीकडं जायाचं न्हाई म्हणत्या. मग म्हायेर कुठं तिचं?" मी पाण्याचा तांब्या पुढं केला. त्या म्हणाल्या, "रात सारी पोरगी रडत हुती. म्हणाली, मावशीला इचारून या, करंल का माझं."

"तुमची पत्रं तिच्या उशाखाली असत्यात," असंही म्हणाल्या. म्हणजे वाचलीस. सगळी.

तेजू, मी त्यांना तिथं उत्तर दिलं नाही, ते तुला देतेय. खोली लहान आहे पण हवेशीर आहे. दवाखाना चालत जाण्यासारखा आहे, तिथल्या डॉक्टरीणबाईंना मी भेटून आलेय. खानावळीत दोन महिने येणार नाही म्हणून सांगितलं, मालक कुरकुरला. डिंक आणलाय, अळीव आणलेत, शेक-शेगडीचा कोळसा तानाबाई देणार आहेत. जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी शिवून झाली. तू विचारायच्या आधीच हे सगळं करून बसले होते, माझ्यासारखी येडी बाई मीच.

पण मावशी म्हणून मी तुझं बाळंतपण करणार नाही. एकदा झाले मावशी, तुझ्यासाठी आणि आपण होऊन. त्यात माझं घर गेलं त्याचं मला एवढं नाही, तू गेलीस. आता पुन्हा तेवढं अंगात राहिलेलं नाही. तुला ते जमणार नसेल तर वडगावलाच राहा. धोंडुबाई तुझं सगळं नीट करतील, माझ्यापेक्षा चांगलं करतील, आणि मी रुसणार नाही. दुपटी त्यांच्या हाती पाठवीन.

येणार असशील तर गुपचूप जिना चढून वर येऊ नकोस. खाली रस्त्यातच उभी राहा आणि हाक मार. गोवरात मारत होतीस ती. मी खिडकीतच बसलेली असेन. फक्त समोर पिठाची गिरणी आहे आणि ती दिवसभर चालू असते, हळू मारलीस तर मला ऐकू यायचं नाही.